हेली थरथरली म्हणजे मोटर गेली असं नसतं

आरसी हेली (रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर) थरथरायला लागली की मोटरच खराब, हे किती वर्षं ऐकतोय, आणि लोक चांगल्या मोटरी बदलत बसतात, वाईट वाटतं खरंच. आधी मेन आणि टेल दोन्हीचे ब्लेड काढा, पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) मेन गिअरपासून सोडवा, मग मोटर एकटीच अर्ध्या थ्रॉटलवर फिरवा. थरथर गेली? मग मोटर ठीक आहे, मेन शाफ्ट, बेअरिंग, ब्लेड बघा. मेन रोटर २००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ३३ फेऱ्या, १०:१ गिअरवर मोटरच्या ३३३, म्हणून मोटरची थरथर फ्रेमला बोट लावलं की बारीक झिणझिण्यांसारखी लागते. मोटर एकटी फिरवूनही थरथर राहिलीच तर मोटरचा शाफ्ट वाकलाय का बघा, नसेल तर आउटरनरच्या (बाहेरचं कवच फिरतं ती मोटर) बेलवर, म्हणजे त्या कवचावर, टेपचा छोटा तुकडा लावायचा आणि कमी होईपर्यंत जागा बदलत राहायचं.