झोतभट्टीत कोक नुसता जळत नाही, भार पेलतो

चांगल्या कोकचा तुकडा हातात घेतला की आधी जाणवतो तो त्याचा हलकेपणा. राखाडी रंग, वर किंचित चंदेरी झाक आणि अंगभर छिद्रं. जवळपास निम्मा तुकडा पोकळच असतो. तरी दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. दगडी कोळसा हवा लागू न देता हजार-अकराशे अंश सेल्सियसपर्यंत तापवला, की त्यातले वायू आणि डांबर निघून जातं आणि हा कोक मागे उरतो.

लोहखनिजातून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीत तो जळून उष्णता देतो. त्यातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. पण ही कामं काही प्रमाणात कोळशाच्या भुकटीकडूनही करून घेता येतात, आणि बऱ्याच भट्ट्यांत खालून गरम हवेबरोबर ती फुंकलीही जाते. भुकटीला जमत नाही ते एकच काम: वरचा भार पेलून वायूला वाट मोकळी ठेवणं.

भट्टीत खनिज आणि कोक थरांवर थर असे पडतात. खाली सरकता सरकता खनिज मऊ, चिकट होतं आणि त्याचा थर वायूला जवळजवळ बंद होतो. तेव्हा वायू जातो तो मधल्या कोकच्या थरांतून. आणखी खाली तर घनरूपात फक्त कोकच शिल्लक असतो. त्याच्या फटींतून वितळलेलं लोखंड आणि मळी (खनिजातला वितळलेला गाळ) खाली ठिबकते, वायू वर चढतो. इथे कोकचा चुरा झाला की फटी बुजतात, हवेचा दाब वाढतो, वरचा माल अडकून बसतो आणि मग एकदम खाली कोसळतो. लाकडी कोळसा भाराखाली चुरडतो, म्हणून त्यावर चालणाऱ्या भट्ट्यांच्या उंचीला मर्यादा होती. 1709 मध्ये अब्राहम डार्बीने इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेल इथे कोकवर लोखंड काढलं आणि पुढे उंच भट्ट्यांचा मार्ग मोकळा झाला.

कोकची ताकद पूर्वी थंड असतानाच मोजत. पिंपात घालून 100 फेरे फिरवायचे आणि 40 मिलिमीटरपेक्षा मोठे तुकडे किती उरले ते पाहायचं. ही चाचणी आजही होते, पण तेवढ्याने भागत नाही. भट्टीतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांच्या भिंती आतून कुरतडतो. बाहेर टणक वाटलेला तुकडा तिथे ठिसूळ निघू शकतो. म्हणून साधारण 20 मिलिमीटरचे 200 ग्रॅम तुकडे 1100 अंशांवर दोन तास कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात आणि मग पिंपात 600 फेरे देतात. त्यातून 10 मिलिमीटरपेक्षा मोठे जितके टक्के उरतील, ती प्रक्रियेनंतरची ताकद. मोठ्या भट्ट्यांना हा आकडा 60 ते 65 च्या वर लागतो. माझ्या मते कोकबद्दल एकच आकडा विचारायचा झाला तर हाच विचारावा.

राख आणि गंधक जितकं कमी तितकं बरं. राख वितळवायला जास्त चुनखडी आणि जास्त कोक खर्ची पडतो. गंधक पोलादाला ठिसूळ करतं, आणि भट्टीत येणारं बरंचसं गंधक कोकमधूनच येतं. सोडियम-पोटॅशियमची संयुगं तर कोक कुरतडण्याचा वेगच वाढवतात.

खालून जितकी जास्त भुकटी फुंकावी, तितका वरून टाकायचा कोक कमी होतो. त्याचे थर पातळ होतात, प्रत्येक तुकडा भट्टीत जास्त वेळ राहतो आणि तेवढाच भार थोड्या कोकवर येतो. कोक वाचवायचा असेल, तर जो टाकायचा तो आधीपेक्षा मजबूत लागतो.