वेईची भुयारं

बोगदे, पूल, पाणीपुरवठा म्हटलं की लोकांच्या तोंडी रोमनांचंच नाव. स्थापत्यशास्त्र जणू त्यांच्यापासूनच सुरू झालं! पण रोम हे टायबर नदीकाठचं लहानसं राज्य होतं तेव्हा त्याच्या उत्तरेला जेमतेम १६ किलोमीटरवर एट्रुस्कन लोकांचं वेई हे शहर भरभराटीला आलं होतं. आणि तिथले लोक डोंगर पोखरून पाणी हवं तिकडे वळवत होते.

या एट्रुस्कनांभोवती उगाच गूढ रचलं गेलंय. त्यांची भाषा लॅटिनच्याच काय, इंडो-युरोपीय कुळातलीही नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने तर त्यांना थेट आशिया मायनरमधल्या लिडियातून आणलं. २०२१ मध्ये इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एट्रुस्कन शेजारच्या लॅटिन लोकांसारखेच निघाले. ‘हरवलेल्या जमातींचं रहस्य’ विकणाऱ्यांचं दुकान मात्र त्यानंतरही जोरात आहे.

वेईचं रोमशी भांडण होतं ते टायबरच्या मुखाजवळची मिठागरं, नदी ओलांडायची फिदेनीजवळची मोक्याची जागा आणि जमीन यांवरून. त्यात गूढ काही नाही.

मला खरी भुरळ पडते ती खडकाची. वेईचं पठार टफ या खडकाचं आहे. ज्वालामुखीची राख तप्त वायूंबरोबर जमिनीलगत धावत येते आणि थरावर थर साचते. पुढे तिच्यातल्या काचेच्या कणांवर पाण्याची रासायनिक क्रिया होऊन झिओलाइट खनिजं तयार होतात आणि तीच राखेचे कण एकमेकांना सांधतात. असा खडक लोखंडी टिकावाने सहज खणता येतो (जांभ्याचा चिरा तासताना पाहिलेल्यांना कल्पना येईल), तरी आत भुयार केलं तर छत बहुधा टिकून राहतं. खणणाऱ्याला आणखी काय हवं!

इथल्या दऱ्यांच्या तळाशी पाणी साचून दलदल होई. म्हणून ओढ्याचं पाणी दरीच्या कडेने, खडकाच्या पोटातून न्यायचं. भुयार माणूस कसाबसा उभा राहील एवढं उंच आणि अर्ध्या मीटरच्या आसपास रुंद. आखलेल्या रेषेवर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी खाली उतरवायच्या. मग प्रत्येक विहिरीच्या तळापासून दोन्ही बाजूंना खणत जायचं आणि शेजारच्या विहिरीतून येणाऱ्या टोळीला गाठायचं. राडारोडा विहिरीतूनच वर, हवाही तिथूनच खाली. चूक झालीच तर दोन विहिरींमधल्या टप्प्यात पकडता येते.

विहिरी नसतील तेव्हा मात्र कस लागतो. १४०० मीटरच्या बोगद्यात उतार एका अंशाने चुकला, तर दुसऱ्या टोकाला २४ मीटरचा फरक पडतो. म्हणजे सात-आठ मजले! शिवाय खणायचं ते खालच्या टोकाकडून वर. झिरपलेलं पाणी मग पाठीमागे वाहून जातं, नाहीतर कामगार त्यातच अडकतील.

१४०० हा आकडा मुद्दाम घेतला. रोमच्या आग्नेयेला ज्वालामुखीच्या विवरात अल्बानो तलाव आहे, त्याचं पाणी बाहेर काढणारा बोगदा साधारण तेवढाच लांब आहे. परंपरेनुसार रोमनांचा वेईला वेढा इ.स.पू. ४०६ ते ३९६ असा चालला. त्या काळात पाऊस नसताना हा तलाव चढला, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. वेईच्या एका म्हाताऱ्या भविष्यवेत्त्याने म्हणे सांगितलं, की तलावाचं पाणी काढल्याशिवाय वेई पडणार नाही. ग्रीसमधल्या डेल्फीच्या देववाणीनेही तेच म्हटलं. या तलावाला पृष्ठभागावरून वाहून जायला नैसर्गिक वाट नाही. त्यात भूजल येत असल्याने पाऊस थांबल्यावरही पातळी चढू शकते. त्यासाठी देव कोपायला लागत नाही. विवराची कड ओलांडून पाणी सुटलं असतं तर खालची शेतं गेली असती. बोगदा खणायला तेवढं कारण पुरेसं होतं.

शेवटी वेई पडलं तेही भुयारानेच, असं लिव्ही लिहितो. रोमन सेनापती कॅमिलसने खणणाऱ्यांच्या सहा टोळ्या केल्या आणि सहा-सहा तासांच्या पाळ्या लावल्या. भुयार थेट गडावरच्या देवळाखाली निघालं. तिथे वेईचा राजा बळी देत होता; बळीची आतडी जो कापेल तो जिंकेल, असं पुरोहिताने सांगताच रोमन सैनिक जमिनीतून उसळले आणि ती घेऊन पळाले. हा भाग खरा-खोटा करत बसण्याइतका महत्त्वाचा नाही, रंगभूमीवर शोभेल, असं लिव्हीच म्हणून मोकळा होतो. नवं भुयार खणण्याऐवजी रोमनांनी तटाखालून जाणारं वेईचंच एखादं जुनं भुयार वापरलं असावं, असा तर्क मांडला गेलाय, आणि मला तो पटतो. पठाराच्या पोटात इतकी भुयारं तयार असताना नव्याने कोण खणेल?

पुढे गॉल टोळ्यांनी रोम लुटलं. मग इ.स.पू. ३७८ पासून रोमनांनी शहराभोवती नवा तट उभारायला घेतला. त्यासाठी पिवळसर टफ आणला तो ग्रोता ओस्कुराच्या खाणींतून, म्हणजे जिंकलेल्या वेईच्या मुलखातून. त्या तटाचा एक मोठा तुकडा आज रोमच्या टर्मिनी स्टेशनाबाहेर उभा आहे.