दुधीला फुलं ढीगभर, फळ एकही नाही? मग संध्याकाळी साडेसहाला मांडवाखाली जाऊन बघा

ज्यांनी कुणी घरामागे दोन आळी करून वेल चढवलेत त्यांचा जुलै-ऑगस्टमधला प्रश्न ठरलेला असतो, वेल मस्त वाढलाय, पानं हाताएवढी, फुलंही भरपूर, पण दुधी धरत नाही, बोटाएवढा होतो, पिवळा पडतो आणि गळून जातो. मग कुणी म्हणतं युरिया टाक, कुणी म्हणतं ताक शिंपड, कुणी दृष्ट लागली म्हणतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं होतं आणि मी आळ्यात शेणखत वाढवत गेलो, वेल अजून माजला आणि दुधी मात्र दोनच मिळाले. तेव्हा कळलं नव्हतं की खताचा दोष फार थोडा होता, खरा प्रश्न भेटीगाठीचा होता.

आधी फूल नीट बघायला शिका. दुधी, दोडका, कारलं, काकडी, लाल भोपळा या सगळ्यांना एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. फूल हातात धरून मागे बघायचं, नर फुलाच्या मागे नुसता बारीक लांब देठ असतो, मादी फुलाच्या मागे अगदी नखाएवढी छोटी दुधी आधीच तयार असते, तिच्यावर बारीक लव असते आणि ती इतकी हुबेहूब असते की लहान पोरांना दाखवली की ती हातातून सोडत नाहीत. आई नर फुलाला खोटं फूल म्हणायची, पण ते खोटं नाही, त्याच्याशिवाय ती नखाएवढी दुधी मोठी होणारच नाही. आणि सुरुवातीचे आठ-पंधरा दिवस वेलावर बहुतेक नर फुलंच येतात, ती गळतात आणि लोक घाबरतात. ते गळणं नॉर्मल आहे, काळजी करू नका.

मादी फूल उमलल्यावर मधोमध चिकट, फुगीर, तीन भागांचा गोळा दिसतो. नर फुलातले पिवळे परागकण त्यावर पडले पाहिजेत, तिथून प्रत्येक कणाची एक नळी खाली वाढत जाते आणि आतल्या एका बीजांडाला गाठते, आणि त्या बिया वाढायला लागल्या की त्यांच्याकडून फळाला निरोप जातो की वाढ आता. दुधीत शंभराच्या वर बिया असतात, म्हणजे तितकेच कण तरी पोचायला हवेत. थोडेच पोचले तर फळ धरतं पण वेडंवाकडं, एका टोकाला फुगलेलं आणि दुसऱ्या टोकाला सुकलेलं. एकही नाही पोचला तर वेल सरळ ती दुधी सोडून देतो. तेच ते पिवळं पडून गळणं.

आता मुख्य गोष्ट, वेळ. लाल भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात, भोपळ्याची तर उजाडता उजाडताच, आणि ही फुलं पिवळी. दुधीचं फूल पांढरं आणि ते संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान उमलतं, पडवळाचंही पांढरं आणि अंधार पडताना उमलणारं, दोडक्याचं पिवळं असलं तरी तोही संध्याकाळचाच. सकाळच्या फुलांवर मधमाश्या येतात, सातेरी येते, फुलोरी येते, पोयाच्या बारीक काळ्या माश्याही येतात. संध्याकाळच्या पांढऱ्या फुलाचे पाहुणे वेगळे, ते पतंग. अंधुक प्रकाशात पांढरं दिसतं म्हणून तो रंग. एकदा बादली उलटी टाकून मांडवाखाली शांत बसलात तर दिसेल, पक्ष्याएवढ्या जोरात पंख मारणारा जाडजूड पतंग फुलासमोर हवेतच थांबतो, लांब सोंड आत घालतो आणि दोन सेकंदात पुढच्या फुलावर. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या फुलांवर मधमाश्याही फिरतात, पण दुपारपर्यंत फूल मिटून मऊ पडतं, मग काही उपयोग नाही.

आणि आपण काय करतो? बरोब्बर त्याच वेळेला परसातला एलईडी लावतो. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अंधाऱ्या कुरणांवर मुद्दाम रस्त्यावरच्यासारखे दिवे लावून बघितलं, तर रात्रीच्या किड्यांच्या फुलांवरच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि दिवसा येणाऱ्या माश्यांना ती तूट भरून काढता आली नाही. तिथलं झाड दुधी नव्हतं, पण पतंग दिव्याभोवती फिरत बसला की फुलावर जाणार नाही हे आपल्या ट्यूबलाइटखाली रोज दिसतंच की. मी आता संध्याकाळी मागचा दिवा आठपर्यंत लावत नाही, भांडी घासायची असली तरी आतल्या खिडकीचा उजेड पुरतो.

शहरात गच्चीवर आठव्या मजल्यावर पतंग येईलच असं नाही. तिथे हाताने करा. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या त्या चिकट गोळ्यावर तिन्ही भागांवर हलकेच फिरवायचा. बोटावर पिवळी पूड लागली पाहिजे, नाही लागली तर ते फूल शिळं आहे. दुधीला संध्याकाळी, काकडी-कारल्याला सकाळी, हे उलटं केलंत तर फळ धरण्याची शक्यता कमी होते. पाऊस पडून फूल भिजलं असेल तर पराग फुटून वाया जातो, म्हणून झडीच्या दिवसांत फळधारणा कमीच असते.

खताबद्दलही सांगतो. नत्र जास्त झालं की वेल पानांच्या आणि नर फुलांच्या मागे लागतो, कडक ऊन आणि मोठे दिवस असले तरी तेच. मादी फुलं वाढवणारं संप्रेरक म्हणजे इथिलीन, तेच जे केळी पिकवतं. दुधीच्या मुख्य दांड्यावर नर फुलं जास्त आणि बाजूच्या फांद्यांवर मादी जास्त येतात, म्हणून यूट्यूबवर सगळे थ्री जी कटिंग सांगतात, शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात, त्यांचा शेंडा खुडला की तिसरी पिढी. यात तथ्य आहे, फक्त वेल मांडवावर पोचायच्या आत खुडू नका.

तोंडलीला यातलं काही लागत नाही. आपण लावतो ते मादी वेलाचे छाट, आणि त्यांना परागाशिवायही फळ धरतं.

एक समज मात्र खोडायलाच हवा. शेजारी कडू भोपळा होता म्हणून आपली दुधी कडू झाली, असं लोक म्हणतात. तसं होत नाही. फळाचा गर आईच्या वेलाचा असतो, परागाचा वाटा फक्त आतल्या बीमध्ये. पण ते बी पुढच्या वर्षी लावलंत तर त्या वेलाला कडू दुधी लागू शकते. कडूपणा कुकर्बिटॅसिन नावाच्या विषामुळे येतो, ते शिजवून जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणून दुधी कापली की देठाकडची एक चकती जिभेला लावून बघा, कडू लागली तर थुंका आणि अख्खी दुधी फेकून द्या, पैसे गेले म्हणून भाजीत ढकलू नका. कडू रस पिऊन उलट्या किंवा पोटात दुखायला लागलं तर घरगुती उपाय न करता तडक दवाखान्यात.

म्हणूनच घरचं बी धरायचं असेल तर मी असं करतो. संध्याकाळी चारच्या सुमाराला, उमलायच्या आधी, एक मादी कळी आणि एक नर कळी पातळ कापडाच्या पिशवीत बांधून ठेवायची. सातला दोन्ही सोडायच्या, पराग लावायचा, मादी फूल परत बांधायचं, म्हणजे कुठल्याच पतंगाने बाहेरचा पराग आणलेला नसतो. चार दिवसांनी पिशवी काढायची आणि देठाला लाल दोरा बांधायचा. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं की दोऱ्याची दुधी तोडायची नाही. ती वेलावरच जून होते, साल लाकडासारखी टणक होते (मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे याच जातीचं वाळवलेलं मोठं फळ), आणि दिवाळीनंतर कधीतरी कानाशी धरून हलवली की आत बी खुळखुळतं.