एफएनएन आणि सीएनबीसी: शेअरभावांची पट्टी आधी कोणी चालवली?

टीव्हीवरच्या बाजाराच्या बातम्यांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या सीएनबीसीचं नाव पुढे येतं. एफएनएन हे तिचंच जुनं नाव, असाही अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या वाहिन्या होत्या आणि दोन वर्षं त्यांच्यात चुरस होती.

फायनान्शियल न्यूज नेटवर्क, म्हणजे एफएनएन, कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९८१मध्ये सुरू झालं. त्याआधी निवेदक लुई रुकायझर सार्वजनिक वाहिनीवर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी रात्री, बाजाराबद्दल बोलायचे. एफएनएननं बाजार चालू असतानाच त्याच्या बातम्या द्यायला घेतल्या. न्यूयॉर्कचा बाजार साडेनऊला उघडतो, तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. म्हणजे निवेदकांची तयारी पहाटेच्या अंधारातच सुरू व्हायची. पडद्याच्या तळाशी शेअरभावांची पट्टी सरकत असे. भाव पंधरा मिनिटं जुने असायचे, पण ब्रोकरच्या ऑफिसात न जाता ते घरबसल्या दिसत होते, आणि साध्या गुंतवणूकदारासाठी ही फार मोठी गोष्ट होती. १९ ऑक्टोबर १९८७ला डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. ती पडझड दिवसभर टीव्हीवर दाखवली ती एफएनएननं. सीएनबीसी तेव्हा अस्तित्वातच नव्हती.

सीएनबीसी आली १७ एप्रिल १९८९ला, न्यू जर्सीतल्या फोर्ट ली गावातून. एनबीसी ही टीव्ही कंपनी आणि केबलव्हिजन ही केबल कंपनी यांची ती भागीदारी. सुरुवातीला दिवसा बाजाराबरोबर ग्राहकोपयोगी माहिती असायची आणि रात्री गप्पांचे कार्यक्रम. प्रेक्षकसंख्येत ती एफएनएनच्या बरीच मागे होती.

मग एफएनएन कर्जात आणि हिशेबाच्या वादात अडकलं, १९९१मध्ये दिवाळखोरीत गेलं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ काढणारी डाऊ जोन्स कंपनीही एफएनएनच्या खरेदीच्या शर्यतीत होती, पण मे महिन्यात बाजी सीएनबीसीनं मारली. तिची पोहोच एका झटक्यात दुपटीहून वाढली. बिल ग्रिफेथ आणि रॉन इन्साना हे एफएनएनचे निवेदक तिच्याकडे आले. स्यू हेरेरा तर आधीच आल्या होत्या. नाव टिकलं विकत घेणाऱ्या वाहिनीचं, पण मला तरी आजच्या सीएनबीसीच्या दिवसाच्या प्रक्षेपणात एफएनएनच जास्त दिसतं.

भारतात सीएनबीसी १९९९मध्ये आली, तेव्हा दिवसभर बाजार आणि तळाशी भावांची पट्टी हाच साचा घेऊन आली.