वाईनची बाटली आडवी का ठेवतात, त्यामागची जुनी गोष्ट

घरी वाईन ठेवायची म्हटलं की नियम लगेच कानावर पडतात. बाटली आडवी ठेवा, अंधारात ठेवा, १२-१३ डिग्रीला ठेवा, हलवू नका. एकदम सोवळ्यातलं प्रकरण! पण हे नियम कुणी एका दिवशी बसून केले नाहीत, चुका करत करत झालेत, आणि तो टेंपरेचरचा आकडा तर बराचसा योगायोगच आहे.

मूळ भांडण हवेशी. वाईनला हवा लागली की आधी वास उतरतो, मग ती आंबत आंबत व्हिनेगरच्या वाटेला लागते. जॉर्जियात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर वाईनचे अंश सापडलेत आणि तिथे आजही क्वेव्री नावाचे मोठाले रांजण, आतून मेण लावलेले, तोंडापर्यंत जमिनीत पुरतात, कारण मातीखाली ऊन-थंडी फारशी पोचत नाही. इजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली त्यात वाईनचे घडे होते, त्यांवर साल, मळा आणि वाईन करणाऱ्याचं नाव, म्हणजे आजच्या लेबलवर असतं तेच की!

रोमन लोक मात्र उलटे. वाईन लवकर मुरावी म्हणून ते घडे वरच्या माळ्यावर, धूर आणि ऊब मिळेल असे ठेवायचे. आज कुणी सांगितलं तर आपण हसू. पण हवा बाहेर ठेवायची हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. जर्मनीत श्पायरजवळ १८६७ मध्ये चौथ्या शतकातली एक रोमन काचेची बाटली सापडली, त्यात वाईनवर ऑलिव्ह तेलाचा थर ओतून तोंड मेणाने बंद केलेलं, आणि आत आजही द्रव आहे. (प्यायची हिंमत कुणी केलेली नाही.)

नंतर लाकडी पिंपांचा जमाना आला आणि साठवणं जवळजवळ विसरलंच गेलं. पिंप अर्धं झालं की वरच्या रिकाम्या जागेत हवा, त्यामुळे नवी वाईन महाग आणि जुनी स्वस्त असायची!

खरी कलाटणी वाईनवाल्यांनी दिलीच नाही. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली, लाकूड जहाजांसाठी हवं होतं, मग भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले, भट्टी जास्त तापली आणि काच जाड, काळपट, मजबूत निघायला लागली. त्याला कॉर्कचं बूच मिळालं. तरी सुरुवातीच्या बाटल्या कांद्यासारख्या पोटाळ, आडव्या केल्या तर गडगडणार. अठराव्या शतकात त्या सरळ नळकांड्यासारख्या झाल्या तेव्हा कुठे एकावर एक रचता आल्या. वाईन बुचाला टेकते, कॉर्क ओला राहतो, फुगून घट्ट बसतो. आडवं ठेवायचं कारण एवढंच. म्हणून फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी काही बिघडत नाही, हे लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

आणि १२-१३ डिग्री? युरोपातल्या बऱ्याच खोल तळघरांत वर्षभर साधारण तेवढंच असतं, बस. तळघर आधी, आकडा नंतर. खरं तर आकड्यापेक्षा चढउतार वाईट, कारण गरम झालं की वाईन फुगते, बूच ढकलते, गार झालं की हवा आत ओढते. फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेली बाटली रोज हेच सोसते, वर हादरे वेगळे.

उजेडाचं तर अजून मजेदार. रशियाच्या झारसाठी १८७६ मध्ये क्रिस्टल नावाची शॅम्पेन पारदर्शक बाटलीत भरली, दिसायला देखणी, पण पारदर्शक काच उजेड अडवत नाही आणि उजेडाने वाईनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो, म्हणून ती बाटली आता पिवळट कागदात गुंडाळून विकतात.

२०१० मध्ये बाल्टिक समुद्रात ओलांड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, सुमारे १७० वर्षं ५० मीटर खोल, काळोखात, दोन-चार डिग्रीला पडून होत्या. उघडल्यावर आधी ओल्या केसांचा आणि चीजचा वास आला, मग ग्लासात जरा फिरवल्यावर धुराचा, मसाल्याचा, चामड्याचा.