केफ्री_आरसीयूची परफॉर्मन्स टेस्ट

लिनक्स कर्नलमधे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) मेमरी लगेच न सोडता जरा थांबून सोडायची जी सोय आहे (केफ्री_आरसीयू), ती किती वेगात चालते आणि तोवर किती मेमरी अडकून पडते हे मोजायची टेस्ट. ती कर्नलच्याच आरसीयूस्केल मॉड्यूलमधे आहे, 2020 पर्यंत याचं नाव आरसीयूपर्फ होतं.

थांबायचं कशाला? तर आरसीयूमधे (रीड-कॉपी-अपडेट, म्हणजे अनेकांनी एकच डेटा एकाच वेळी वाचायची कर्नलमधली पद्धत) वाचणारे लॉक वगैरे काही घेत नाहीत, सरळ वाचतात, त्यामुळे तुम्ही ऑब्जेक्ट (मेमरीतला डेटाचा एक तुकडा) लिस्टमधून काढला तरी एखादा सीपीयू अजून तोच वाचत असू शकतो, आणि तेव्हाच तो फ्री केला तर कर्नल कोसळलाच समजा. म्हणून आधीचे सगळे वाचणारे बाहेर पडेपर्यंत, म्हणजे एक ग्रेस पिरियड संपेपर्यंत, थांबावं लागतं.

पूर्वी प्रत्येक ऑब्जेक्टसाठी वेगळा कॉलबॅक (नंतर चालवायचं फंक्शन) लागायचा. 2020 च्या 5.6 कर्नलमधे जोएल फर्नांडिस यांचं बॅचिंग आलं, म्हणजे बरेच ऑब्जेक्ट गोळा करून एकत्र सोडायचे. हे वडापसारखं, फक्त गाडी भरायची वाट न बघता घड्याळ बघून सुटते: सुरुवातीला दर 20 मिलीसेकंदांनी. पुढे पॉइंटर (ऑब्जेक्टचे मेमरीतले पत्ते) पानभर अ‍ॅरेत साठवून एकगठ्ठा फ्री करायला लागले आणि वेळ 5 सेकंदांवर नेली, अर्थात गर्दी वाढली तर एवढं थांबत नाहीत.

टेस्ट दिसायला अगदी साधी आहे. केफ्री_आरसीयू_टेस्ट हा पॅरामीटर चालू केला की दर सीपीयूला एक थ्रेड बांधला जातो, तो एका फेरीत 8000 छोटे ऑब्जेक्ट घेतो आणि लगेच केफ्री_आरसीयूकडे ढकलतो, अशा 10 फेऱ्या (हे डिफॉल्ट, बदलता येतात). ऑब्जेक्ट म्हणजे 8 बाइट डेटा आणि आरसीयूचं हेड (ऑब्जेक्ट रांगेत लावायला लागणारा भाग), बस. शेवटी लॉगमधे एकच ओळ येते: एकूण वेळ नॅनोसेकंदांत, फेऱ्या, बॅचेस म्हणजे तेवढ्यात झालेले ग्रेस पिरियड, आणि मेमरी फुटप्रिंट (तोवर अडकलेली मेमरी) एमबीत.

बरेच जण त्यातला फक्त वेळ बघून मोकळे होतात, आणि खरी गोची तिथेच आहे. बॅच मोठी करा, ग्रेस पिरियड कमी होतील, पण तोवर फ्री न झालेली मेमरी साठत जाते, आणि कमी रॅमच्या फोनवर तेच जिवावर बेततं. त्यात फुटप्रिंट हा काही नेमका हिशोब नाही, सुरुवातीची उपलब्ध मेमरी वजा अधूनमधून बघितलेल्या आकड्यांची सरासरी, एवढंच, त्यामुळे बाजूला दुसरं काही मेमरी खात असेल तर तेही यातच धरलं जातं.

म्हणूनच ही टेस्ट सहसा क्यूएमूच्या (सॉफ्टवेअरमधे कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम) रिकाम्या व्हर्च्युअल मशीनमधे चालवतात, टेस्ट संपली की मशीन आपोआप बंद. पण व्हीएममधे होस्टच्या (ज्यावर ती चालते त्या खऱ्या मशीनच्या) सीपीयूंपेक्षा जास्त सीपीयू दिले तर ग्रेस पिरियडच लांबतात आणि मग मोजला जातो होस्टचा शेड्युलर (कोणाला सीपीयू कधी मिळेल ते ठरवणारा भाग).