लहान-मोठे एकत्र खेळतील असे पत्त्यांचे सोपे डाव

आमचा पत्त्यांचा कॅट घेतल्याबद्दल मनापासून आभार. यात बदाम, चौकट, किलवर आणि इस्पिक यांची प्रत्येकी १३ म्हणजे ५२ पानं आणि दोन जोकर आहेत. पाकीट उघडल्यावर एकदा मोजून घ्या. हे काम मुलांनाच द्या. चारही प्रकार ओळीने मांडता मांडता पानांची ओळख होऊन जाते.

सहा-सात वर्षांचं मूल आणि आजी-आजोबा एकाच डावात बसले की एक अडचण येते. मोठे जोर लावून खेळले तर मूल सारखं हरतं, आणि मोठे मुद्दाम हरले तर मुलाला ते लगेच कळतं. आमचं सांगणं इतकंच: मुलाला जिंकू देऊ नका, ते खरोखर जिंकू शकेल असा डाव निवडा.

अगदी लहान मुलांसाठी गुलामचोर उत्तम. एक गुलाम बाजूला काढा आणि उरलेली ५१ पानं वाटून टाका. कुणाला एखादं पान जास्त गेलं तरी चालतं. हातात दोन राण्या, दोन पंज्या अशा जोड्या असतील तर त्या खाली टाकायच्या. मग प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं आणि जोडी जमली की टाकायची. गुलाम तीनच असल्यामुळे एकाला जोडीदार मिळत नाही. तो ज्याच्या हातात उरेल तो चोर. हे जमलं की गुलामाऐवजी कुठलंही एक पान न बघता काढून ठेवा. मग एकटं पान कोणतं, हे शेवटच्या काही जोड्यांपर्यंत गुपितच राहतं.

जोड्या शोधणे या खेळात मोठ्यांना खरी टक्कर मिळते. पानं पालथी मांडायची, पाळी आली की दोन उलटायची, सारखी निघाली तर आपली, नाहीतर तिथेच पुन्हा पालथी. सुरुवातीला १२ जोड्या पुरेत.

आमचा सगळ्यात आवडता मात्र बदाम सात. सगळी पानं वाटायची. बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल तो ती मांडून सुरुवात करतो. पुढचा तिच्या एका बाजूला बदाम अठ्ठी किंवा दुसऱ्या बाजूला बदाम छक्की लावतो, नाहीतर दुसऱ्या प्रकारची सत्ती उघडतो. एक्का सगळ्यात खाली, राजा सगळ्यात वर. सत्ती बरोबर मधली, तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा पानं. लावण्यासारखं काही नसेल तर पास, पण असताना पास म्हणता येत नाही. ज्याचा हात आधी रिकामा झाला तो जिंकला.

नियम एवढेच, पण विचाराला जागा भरपूर आहे. हातात इस्पिकचा राजा असेल तर तो लागण्याआधी सत्तीपासून राणीपर्यंतची सहा पानं लागायला हवीत, म्हणून इस्पिक सत्ती लवकर उघडलेली बरी. उलट किलवरची सत्ती आहे आणि किलवरचं दुसरं काही नाही, तर दुसरी पानं लावत ती दाबून ठेवता येते आणि बाकीचे अडकतात. ही युक्ती मुलांना आधीच सांगू नका. काही डावांनंतर ती स्वतःच हेरतात, आणि त्यांना तो शोध लागताना पाहणं हा मोठ्यांचा आनंद आहे.

त्यापुढचा झब्बू. इस्पिक एक्क्याने सुरुवात होते आणि सगळ्यांनी त्याच प्रकारचं पान टाकायचं. सगळ्यांनी तसं टाकलं तर तो हात, म्हणजे पडलेली सगळी पानं, बाजूला जातो आणि सर्वांत मोठ्या पानाचा धनी पुढची उतारी करतो, म्हणजे पुढचं पहिलं पान टाकतो. एखाद्याकडे तो प्रकारच नसेल तर तो दुसरं कुठलंही पान टाकून झब्बू देतो, आणि पडलेली सगळी पानं त्या प्रकाराचं मोठं पान टाकणाऱ्याला उचलावी लागतात. शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात तो हरतो. इथे मुलाला राग येऊ शकतो, म्हणून पहिले एक-दोन डाव पानं उघडी ठेवून खेळा.

तिघंच असाल आणि मूल हुकूम (बाकीच्या प्रकारांवर मात करणारा प्रकार) समजण्याइतकं मोठं असेल, तर पाच-तीन-दोन या डावाला पर्याय नाही.

लहान हातांत १३ पानं धरणं अवघड जातं. दोन पुस्तकं शेजारी उभी ठेवून त्यांच्या फटीत पानं खोचली की प्रश्न सुटतो. पत्ते पिसताही येत नसतील तर पालथे पसरून दोन्ही हातांनी कालवू द्या. तसेही ते चांगले मिसळतात.

आणि जोकर फेकू नका. एखादं पान हरवलं तर जोकरवर पेनाने त्याचं नाव लिहा, कॅट पुन्हा पूर्ण होतो.